वन्संचं शमादान

३ फेब्रु. ९४
माकडानं नेलं. मेणबत्त्या लावायच्या चांदीच्या जुन्या शमादानांच्या जोडीतलं एक. नुसती धुऊन गच्चीवर उन्हात ठेवली होती, पाठ वळली तेवढ्यात. मेल्यानं शेजारच्या कठड्यावर बसून हुंगलं, चाटलं आणि गंगेत टाकलं. सासूबाईंच्या आजोबांना त्यांच्याकडे संस्कृत शिकणाऱ्या साहेबानं दिलेली जोडी. सासूबाई जाताना ती वन्संना द्या म्हणून सांगून गेल्या. वर्षश्राद्धाला पुण्याहून येतील त्या न्यायलाच. माकड कोण खरं मानणार? विकलं म्हणतील. मीही तेच म्हटलं असतं.

५ फेब्रु.
ह्यांना सांगितलं नाही, ह्यांच्या पोटात काही राहत नाही. उरलेलं नमुन्याला पदराखाली घेऊन ठठेरी बाजारात दुलारे सोनाराकडे. फिरंग्यांना 'राजवाड्यातल्या' वस्तू विकतो तोच. माकडाचं ऐकून हसला नाही, मोठेपण त्याचं. "बहूजी, पंद्रह दिन में सौ साल पुराना बना देंगे."

२१ फेब्रु.
आणलं. गंधकाच्या धुरानं काळवंडलेलं, बुडाशी पोचासुद्धा. शेजारी शेजारी ठेवल्यावर मलाच कळेना. शांत झोप.

१ मार्च
वन्सं उद्या. ह्यांना बहिणीचं प्रेम दाटून आलं. शाळेतून येते तो हे दंतमंजन घेऊन बसलेले. एक शमादान लख्ख! तेच, अस्सल! दुसरं घ्यायच्या आधीच हात दुखला. एरवी हा माणूस स्वतःचा कप विसळत नाही.

३ मार्च
वन्संनी दोन्ही निरखली. लख्ख असलेल्यावर बोट. "सुमन, हे बदललंस. आणि हे आईचं. आईचा हात फिरलेला कळतो गं." दुलारेच्या गंधकावर हात फिरवत रडल्या. लख्ख तेच आईंचं म्हणावं, तर दुसरं कुठून आलं तेही सांगावं लागणार. चहा टाकायला उठले. लाज वाटते.

६ मार्च
वन्सं गेल्या. नकली शमादान शालूत गुंडाळून. स्टेशनवर माझा हात धरून म्हणाल्या, "अडचण असेल तुझी. कुणाला बोलणार नाही मी. ते चकचकीत तुलाच राहू दे." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. रिक्षात रडले. ह्यांना वाटलं वन्संसाठी.

२९ मार्च
वन्संचं पत्र. तिकडच्या कुणा जाणकारानं दुलारेचं काम दीडशे वर्षांचं ठरवलं! 'आता जोड पुरी करू. आईचं दुसरं ज्या सोनाराला विकलंस त्याच्याकडे शोध. दिवाळीत न्यायला येते.'
पत्र घेऊन दुलारेकडे. त्यानं सगळं ऐकलं, चष्मा पुसला. "दूसरा भी बना दें, बहूजी?"
नको म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं, "दिवाली तक हो जाएगा?"
होईल म्हणाला. अजून हो म्हटलेलं नाही.