विश्वंभरची चूक काढणाऱ्या वहिनींना

धुळे
पौष वद्य, मंगळवार

प्रिय वहिनी,

भिका सुटला!

ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला द्यायची होती आणि ऐकायला तुम्हीच नाही. तुम्ही मार्गशीर्षात गेलात आणि पुस्तकांचं पार्सल काल आलं. महिनाभर थांबला असतात तर... जाऊ द्या. कोर्टात नकलनवीस म्हणून जन्म काढलेल्या माणसानं 'असतं तर'मध्ये शिरू नये.

आमच्या वाचनालयात गुप्तहेर विश्वंभरच्या 'केळीच्या बागेतलं प्रेत' या भागाची नवी आवृत्ती आली आहे. लेखकानं शेवटची दोन प्रकरणं बदलली. राखणदार भिका निर्दोष सुटतो आणि मालकाचा पुतण्या पकडला जातो. ज्या वाचकानं चूक दाखवली त्याचे प्रस्तावनेत आभार मानलेत, नावगावासकट. त्या नावाबद्दलच लिहायला बसलो आहे.

त्या पुस्तकाचा आमच्याकडे केवढा बोलबाला होता, तुम्हाला ठाऊक आहे. स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. विश्वंभरचे तीसेक भाग तोवर निघाले होते, पण या भागासाठी लोक नंबर लावायचे. आमचे अध्यक्ष म्हणजे रिटायर झालेले हेडमास्तर. ते म्हणायचे, "रहस्यकथा म्हणजे बुद्धीला नसता चाळा. पण यातली भाषा शुद्ध आहे हो!" आणि पुस्तक भाजीच्या पिशवीत तळाशी घालून घरी न्यायचे. कापडवाले शेठजी म्हणायचे, "बाकीचे सगळे भाग एका पारड्यात घाला, हा एक दुसऱ्यात." वकीलसाहेबांचं मत असं, की पुरावा कोर्टात टिकणार नाही, पण भिका दोषी आहे यात शंका नाही. मी सगळ्यांच्या वरताण. विश्वंभरची नजर म्हणजे नजर, असं टेबलावर हात आपटून सांगायचो.

तीच नजर तुम्हाला दाखवायला मी मे महिन्याच्या सुट्टीत ते पुस्तक गावी आणलं. चोपड्याकडची ती उन्हाची दुपार, आमचे थोरले बंधू नाना पलंगावर आडवे आणि तुम्ही बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या. तुम्हाला तेव्हा अक्षर येत नव्हतं. मी वाचत होतो, आवाज चढवून, हातवारे करून. काय माझा थाट!

मालक पहाटे बागेत मरून पडलेला सापडतो. तासाभरात विश्वंभर हजर. तो सगळ्यांना अंगणात उभं करतो. पुतण्याचं धोतर पांढरंशुभ्र, खाली जरासं ओलं. तो म्हणतो, विहिरीवर आंघोळ करून आलो. भिका म्हणतो, मी दोन दिवस बागेत पाऊलच टाकलं नाही. पण त्याच्या धोतरावर केळीच्या चिकाचा काळाकुट्ट डाग! विश्वंभर बोट दाखवतो, "हा डाग खोटं बोलत नाही. काल रात्री तू बागेत होतास." भिका फासावर जातो. मी पुस्तक मिटलं आणि तुमच्याकडे ऐटीत पाहिलं.

तुमचे हात थांबले होते.

"भाऊजी, हाऊ माणूस खुनी नही शे," तुम्ही म्हणालात.

मी हसलो. हो, हसलोच. म्हटलं, वहिनी, अख्ख्या धुळ्यानं वाचलंय हे.

"केयना चीक पहिले पानीना गत दिखस. दोन दिन जाऊ द्या, धुवा, मंग तो काया पडस. भिकाना डाग जुना शे. त्या पुतण्यानं वलं धोतर दोन दिन नंतर देखा म्हना त्यास्ले."

म्हणजे ताजा चीक दिसतच नाही, काळा डाग असतो तो जुना! मी नानांकडे पाहिलं. सारी हयात केळीत गेलेला माणूस! नाना कुशीवर वळले आणि म्हणाले, "डाग पडतो एवढं मला ठाऊक. कधी दिसतो ते तिला विचार. धुते ती."

तुम्ही पुन्हा शेंगा फोडायला लागलात आणि सहज बोललात, "बठ्ठास्नी धोतरं नेसेल शेतस, धुयेल एकनी बी नही."

नेसणारे सगळे, धुणारा एकही नाही! वहिनी, मी कोर्टात साक्षीपुराव्यांच्या नकला करतो. खुनाचे खटले माझ्या बोटांखालून गेलेत. तरी मला हे सुचलं नाही. हेडमास्तरांना नाही, वकिलांना नाही, आणि ज्या लेखकाला लोक डोक्यावर घेऊन नाचत होते त्यालाही नाही. तोंडात मारल्यासारखं झालं मला. आणि त्याच वेळी केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

तुम्हाला मात्र आनंदबिनंद काही नव्हता. तुम्हाला त्या भिकाची काळजी लागून राहिली. मी समजावलं, अहो, तो पुस्तकातला माणूस आहे, खरा नाही. तर म्हणालात, पुस्तकातला म्हणून काय झालं, एवढे लोक त्याला खुनी म्हणतात ना? लेखकाला लिहा. सोडवा म्हणावं त्याला. जेवायला बसलो तरी तुमचं तेच चाललं होतं.

मग मी लिहायला बसलो. तुम्ही सांगत होता, मी उतरवत होतो. शेवटी तुम्ही म्हणालात, "खाले मनं नाव टाका. चुकनं तं बोल माले लागू द्या, तुम्हले नको." म्हणजे तुम्ही नाव मागितलंत ते मला वाचवायला! मी तुमचं नाव घातलं. तुमच्या देखत घातलं, हे लक्षात घ्या.

धुळ्याला येऊन मी त्याची स्वच्छ प्रत केली. पहिली ओळ ते शेवटची ओळ, एक अक्षर बदललं नाही. सही करताना मात्र थांबलो. मनात म्हटलं, खेड्यातली बाई, अक्षरशत्रू, तिचं पत्र कोण वाचणार? टोपलीत टाकतील. भिकाच्या भल्यासाठीच म्हणून मी खाली माझं नाव घातलं.

ही सबब मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितली. चांगली सबब आहे, नाही? खरं एवढंच, की मला माझं नाव छापलेलं पाहायचं होतं. बाकी काही नाही.

पुढच्या भागाच्या शेवटी 'वाचकांचे अभिप्राय' या सदरात ते पत्र आलं. वाचनालयात नुसता धुमाकूळ! शेठजींनी जिलबी मागवली. हेडमास्तर म्हणाले, "आमच्या नकलनवीसानं अस्सल काम केलं." मी मान खाली घालून हसत राहिलो. लोकांना तो विनय वाटला.

तो भाग घेऊन मी दिवाळीला गावी आलो. तुम्ही हात पदराला पुसून पुढे झालात. "मनं नाव उनं का?"

मी म्हटलं, "हो, आलं."

आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. वहिनी, मी माझ्याच नावावर बोट ठेवून तुम्हाला सांगितलं की हे तुम्ही! तुम्ही त्यावरून हळूच बोट फिरवलंत. शेजारच्या बायकांना बोलावून दाखवलंत. त्याही वाकून वाकून पाहत होत्या. एकीलाही वाचता येत नव्हतं, हे मी आधीच हेरून ठेवलं होतं. मग पुस्तक तुमच्या ट्रंकेत गेलं.

मला वाटलं, मिटलं प्रकरण.

तर दोन वर्षांनी गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला आणि सगळ्यात आधी जाऊन बसलात तुम्ही! नाना म्हणायचे, या वयात काय पाटी घेऊन बसतेस? तुम्ही ऐकलं नाही. एक दिवस मला कोर्टाच्या पत्त्यावर कार्ड आलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. 'भाऊजींना नमस्कार. केळी बरी आहेत. नवा विश्वंभर आला असेल तर पाठवणे.' शिरस्तेदार म्हणाले, घरून काही वाईट बातमी का? चेहरा असा का झाला? काय सांगणार होतो त्यांना?

तुम्ही तो अभिप्राय वाचलात की नाही? पुढची सहा वर्षं मी प्रत्येक सुट्टीत हाच प्रश्न घेऊन गावी येत होतो. तुमचा चेहरा न्याहाळत होतो. तुम्ही ताटात मांडे वाढत होता, लोणचं नको का म्हणून विचारत होता. विश्वंभरचा बाप आला असता तरी त्या चेहऱ्यावरून काही कळलं नसतं.

तुमची कार्डं येत राहिली. प्रत्येक भागावर तुमचं मत. 'या भागात खुनी चौथ्या पानावरच कळला. लेखकाला घाई झाली असावी.' 'बाई मेली, पण का मेली ते लिहिलंच नाही.' आणि ते एक: 'विश्वंभर फार बोलतो. त्याला घरी कोणी नाही का?' ते वाचून मी भर कचेरीत हसलो होतो. यातली दोन-तीन मतं मी वाचनालयात सांगून टाकली. हो, तीही माझी म्हणून! एकदा सवय लागली की हात आपोआप जातो. सगळे म्हणायचे, काय मार्मिक बोलता हो तुम्ही.

एकदाही का विचारलं नाहीत? मला याचा थोडा रागही येतो, खोटं कशाला बोलू? एकदा सरळ म्हणायचं होतं, "भाऊजी, इथं तर तुमचं नाव दिसतंय!" मी ततपप केलं असतं, लाज वाटली असती, पाय धरले असते आणि मोकळा झालो असतो. नानांवर कडाडताना तुम्हाला मी ऐकलंय. मलाच का सोडलंत?

तुमच्या तेराव्याला शांतानं मला ट्रंकेतली पुस्तकं दिली. म्हणाली, "काका, आईची आहेत. तुम्हीच न्या. तुम्हीच आणलेली." मी गाठोडं न सोडता तसंच कपाटात टाकलं. काल नवी आवृत्ती आली, तेव्हा जुना अभिप्राय ताडून पाहावा म्हणून आज सकाळी ते सोडलं.

अभिप्रायाच्या पानावर माझ्या नावाखाली पेन्सिलीची एक बारीक रेघ आहे आणि समासात तुमचं अक्षर. जसं आहे तसं उतरवतो, तो माझा धंदाच आहे.

'मजकूर बरोबर छापला. नाव चुकलं. छापखान्याची चूक. भाऊजींना सांगू नये. त्यांच्या जिवाला लागेल.'

वहिनी!

अक्षर पहिल्या कार्डावरचंच आहे, एकमेकांच्या अंगावर पडणारं. नंतर तुमचं अक्षर सुधारलं होतं. म्हणजे वाचायला येताच तुम्ही पहिल्यांदा हेच पान उघडलंत. म्हणजे सहा वर्षं तुम्हाला ठाऊक होतं. यापुढे माझा तपास थांबतो. छापखान्याची चूक झाली असं तुम्हाला खरंच वाटलं? मी, दीर असून, असं करीनच कसा, इतका विश्वास होता? की सगळं उमजून तुम्ही माझ्यासाठी ही सबब लिहून ठेवलीत, कधीतरी माझ्या हाती पडेल म्हणून? सकाळपासून ती पाच वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. कुठूनही वाचलं तरी मला रडूच येतं, आणि रडणं हा काही माझा स्वभाव नाही.

भिकाला सोडवायला तुम्ही भांडलात. मी गुन्हेगार, तर मला न भांडता सोडलंत. असं कसं चालेल?

येत्या रविवारी वाचनालयात माझा सत्कार ठेवला आहे. प्रस्तावनेत धुळ्याचं नाव आलं ना! शाल शेठजींची, नारळ वाचनालयाचा, भाषण हेडमास्तरांचं. आज दुपारी मी लेखकाला पत्र लिहिलं, तुमचं पूर्ण नाव, गाव, तालुका घालून. पेटीत टाकून आलो आणि मगच हे लिहायला घेतलं, कारण मला माझा भरवसा नाही. वाचनालयात मात्र यातलं अजून कोणाला बोललो नाही. बोललो तर ते सत्कार रद्द करतील, आणि मला तो रद्द व्हायला नको आहे.

लोक काय म्हणतील ते मी पाहून घेईन. नोकरी काही जाणार नाही. वाचनालयात जाणं बहुधा बंद होईल, आणि तिथं जाण्यावाचून मला दुसरं सुख नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

तर वहिनी, तुम्हाला शब्द देतो. रविवारी हेडमास्तरांचं भाषण संपलं की शाल अंगावर पडायच्या आत मी उभा राहीन. तुमचं नाव सांगेन. समासातली ती पाच वाक्यं वाचून दाखवीन. मग म्हणेन, छापखान्याची चूक नव्हती, माझी होती. आणि खाली बसेन.

तुमचा दीर,
मनोहर