निरोपाच्या लेखाला दोन परीक्षक

९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार.

हे पत्र किती दिवस टाळतोय, ते आधीच कबूल करतो. रोज ऑफिसात कागद पुढे घेतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. समोरच्या छपरावर एक माणूस पन्हळ दुरुस्त करतोय. काल त्याच्याशी दोन शब्द बोलायला गेलो, तर तासभर त्याची शिडीच धरून उभा. तू म्हणशील, पाल्हाळ पुरे, घोडं कुठे पेंड खातंय ते सांग.

सांगतो. बाबांना संपादकपदावरून निवृत्त केलं. गोगलगायींवरचं ते शास्त्रीय नियतकालिक, आपल्या दोघांपेक्षा लाडकं असलेलं त्यांचं तिसरं अपत्य, आता नव्या बाईंच्या हाती गेलंय. बाई वाईट नाहीत. हुशार आहेत, स्वतःचा चहा स्वतः करतात, मला 'अहो' म्हणतात. मला! विज्ञानाला अकरावीतच रामराम ठोकून बोटीवर, फळबागेत, कुठे कुठे भटकून आलेल्या इथल्या कारकुनाला! पण नियमाला इतक्या पक्क्या, की त्यांनी बाबांचा निरोपाचा लेख दोन परीक्षकांकडे तपासायला पाठवला.

मी म्हटलं, "अहो बाई, निरोप आहे तो. त्यात तपासायचं काय?"

"अंकात जाणारं सगळं तपासूनच जातं. हा नियम तुमच्या वडिलांनीच घातलाय."

घ्या! आपलाच धोंडा आपल्याच पायावर.

पहिल्या परीक्षकाने 'उत्तम' लिहून हात झटकले. दुसऱ्याने मात्र चार मुद्दे काढले. भाषा फुलोऱ्याची. सहकारी फार, गोगलगायी कमी. तिसरा मी विसरलो. चौथा विसरता येत नाही: 'इतकी वर्षे लेख नाकारणाऱ्या संपादकाने आपण एकही लेख चुकून नाकारल्याचे म्हटलेले नाही. हे पटत नाही. सध्याच्या रूपात छापू नये.'

अंक शुक्रवारी छपाईला जातोय. लेख त्यात नसेल, तर सगळं आयुष्य तिथे घालवून बाबा एक शब्दही न बोलता गेले, असं होणार. अहवाल त्यांच्या हातात द्यायची पाळी अर्थात माझी. त्यांनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "त्या ऑफिसात मी परत पाय ठेवणार नाही," म्हणाले आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून घरात आवाज फक्त फ्रिजचा. मी ओरडू तरी कुणावर? बाईंवर? नियमावर? फ्रिजवर?

ताई, मी मघापासून आडून आडून बोलतोय. बाबांच्या हट्टापायी इथे सगळं अजून कागदावर चालतं, आणि पाकिटं फोडतो मी. परीक्षकाचं नाव लेखकाला कळू द्यायचं नाही, एवढं मलाही समजतं. मी घरी तोंड उघडलेलं नाही. सासरच्या आडनावामुळे बाईंना पत्ता लागला नाही. मला लागला: दुसरा परीक्षक तू. 'हे माझे वडील आहेत, मला जमणार नाही,' एवढं कळवायला तुझं काय जात होतं? गोगलगाय आणि पोटात पाय!

तुझा लेख त्यांनी कुणालाही न दाखवता परत केला, मुलीचा छापला तर लोक काय म्हणतील म्हणून. ते मलाही पटलं नव्हतं. पण तू घर सोडलंस, बाबांचा फोन घेणं बंद केलंस, आणि मी बसलो मधे सांगकाम्या होऊन. अगं, या घरातून पळून जायची पाळी माझी होती! ती तू घेतलीस, आणि मी इथे पाकिटं चिकटवतोय.

थांब, जिन्यात कुणीतरी खोकलं.

बाबा आलेत!

पायात घरातल्याच चपला, हातात लेख. बाईंना म्हणाले, "सुधारून आणलाय. मुद्देवार उत्तरं सोबत जोडलीत." बाईंनी उठून आपली खुर्ची पुढे केली. "ती तुमची," म्हणाले, आणि उभेच राहिले. मी घाईघाईने चौथं उत्तर काढलं. 'परीक्षकांचे म्हणणे मान्य. एक लेख मी न वाचता परत केला. तो माझ्या मुलीचा होता. लोकांच्या बोलण्याला भ्यालो. लेखात आता तसे लिहिले आहे.'

जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "परीक्षक कोण, ते मी विचारत नाही हं. नियम तो नियम." मग हळूच, "पण डोळे तपासून घ्यायला सांग. लहानपणापासून अंधारात वाचायची खोड आहे."

मी पाकिटाला डिंक लावत राहिलो.

सुधारलेला लेख त्याच परीक्षकाकडे परत जातो, हाही त्यांचाच नियम. तो या पाकिटात घालतोय. शुक्रवारच्या आत वाच. उत्तर कुरिअरने आलं तरी चालतं. परीक्षकाने स्वतः आणून दिलं तरी चालतं. बाईंना आत्ताच विचारून घेतलंय.

जिन्याकडे कान लावून बसलेला,
तुझा धाकटा