दादाची मेंढी आणि माझे तीन वाडगे मसूर

माझ्या थोरल्या दादास, यरुशलेमच्या वेशीबाहेरच्या भट्टीवरून धाकट्या हिल्कियाचा आदरपूर्वक नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी कशी आहे? मेंढ्या सगळ्या आहेत ना? (एक कमी भरली असेल तर घाबरू नकोस, पुढे वाच.)

मांडवांच्या सणात, ‘तुझे रांजण गळतात,’ असं तू चारचौघांत म्हणालास, तेव्हा मी देवाच्या नावानं शपथ घेतली होती की तुझ्या घरचा घास शिवणार नाही. माझी शपथ म्हणजे शपथ. आता गेल्या महिन्यात बेथलेहेमला तुझ्याकडे बसून मी तीन वाडगे मसूर खाल्ली ही गोष्ट खरी, पण ती विसरून खाल्ली. तिसरा वाडगा चाटून झाल्यावर वहिनीला आठवण झाली आणि तू दाढी हलेपर्यंत हसलास. विसरून शपथ मोडली तरी अर्पण आलंच. ऐपत असेल त्यानं मेंढी आणावी, नसेल त्यानं दोन पारवे, तेही जमत नसेल त्यानं ओंजळभर पीठ, हे तुला मी सांगायला नको. मी पारव्यांतला माणूस. (तुझी भावजय म्हणते, पिठातला. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.)

पण आपल्या शापिराचे होणारे सासरे तोबिया, ते काचेचे व्यापारी, त्यांच्या कानावर हे गेलं. म्हणाले, “मेंढीच नेणार ना? मग मीही येतो बरोबर.” लग्न तोंडावर आलेलं, पोरीचा जीव त्या घरात अडकलेला, अशा वेळी पारवे म्हणायला जीभ वळेल का? मी म्हणालो, “मेंढीच! डाग नसलेली!” आणि तू बाजारात गेला असताना तुझ्या वाड्यातून एक घेऊन आलो. न विचारता नाही हं, मनातल्या मनात विचारलं होतं. रस्त्यातून मिरवायची आणि मंदिराच्या दारापाशी काहीतरी निमित्त काढून परत फिरायचं, असा बेत होता. बेत उत्तमच होता. पण तोबिया माझा हात धरून थेट आत आले.

तुला माहीत आहे, मालकानं स्वतःच्या जनावराच्या डोक्यावर दोन्ही हात दाबून धरायचे असतात. याजक म्हणाला, “ठेव हात. तुझीच ना?” दादा, मी बाजारात फुटका रांजण नवा म्हणून विकला असेल, पण तिथं उभं राहून माझ्या तोंडून खोटं निघेना. म्हणालो, “दादाची आहे.” याजकानं बाहेरची वाट दाखवली. दुसऱ्याची वस्तू मी देवाला कशी देणार? वेशीपर्यंत आम्हा तिघांत मेंढीच तेवढी बोलत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून मी म्हाताऱ्या नहून्या गुरुजींकडे गेलो. पारव्यांचंच विचारायला. त्यांनी उलट मलाच विचारलं, “तू त्याच्या घरी जेवत नाहीस म्हणून पोरीच्या लग्नाच्या पंगतीत तुझा भाऊ नसेल, हे तेव्हा सुचलं असतं तर शपथ घेतली असतीस?” म्हणालो, जीभ चावली असती. “पस्तावलास?” पस्तावलो. मग गुरुजींसह तिघं जण पंच म्हणून बसले आणि म्हणाले, सुटलास. शपथ मुळापासून उपटली, म्हणजे ती कधी घेतलीच नव्हती. मग मोडलं काय? मेंढी नको, पारवे नकोत, पीठही नको. तीनही वाडगे मला निर्वेध लाभले. माझ्यासारखं निभावून नेणं कुणाला जमेल सांग.

तुझा,
हिल्किया

ता.क. मेंढी या पत्राबरोबर पाठवली आहे. तोबियांच्या अंगरख्याचा एक गोंडा तिच्या पोटात आहे. ते रागावलेले नाहीत. काल येऊन म्हणाले, “ज्याची मेंढी, तो भाऊ लग्नाला येणार ना?” मी तुला न विचारताच हो म्हणालो. तेव्हा ये. तू नसलास तर मला पंगतीत बसवणार नाही रे.

आणखी एक ता.क. पस्तावलो हे मी तिघांसमोर बोललो आहे, तुझ्या तोंडावर पुन्हा बोलणार नाही. रांजण मात्र खरोखरच गळतात. परवा तुला न्यायला येतो, वहिनीला मसूर शिजत घालायला सांग. या वेळी आठवण ठेवून खाणार आहे.