डिझेलवाली की बॅटरीवाली

१७ मार्च, मंगळवार

आज डिझेलवाली पाहिली. म्हणजे आमच्या यायनं — माझ्या नवऱ्यानं, वामनरावनं — चालवली, मी बाजूले बसली. गडचिरोलीच्या शोरूमचा अजय गाडी घेऊन इथी धानोऱ्याले घरीच आला. तोंड बंद नाई त्याचं. "काकू, याच्यात सनरूफ पन आहे." छपराले भोक! मी म्हटलं, बाहीर ऊन कमी पडून राह्यलं काय?

गाडी उंच. खड्ड्यात गेली तरी पोट घासलं नाई. आवाज मात्र ट्रॅक्टरचा भाऊ. जंगलाच्या रोडनं जाऊन आलो, एक माकड दिसलं नाई. सारे आधीच पळाले.

दार लावलं का धप्प वाजते. मले आवडलं.

१८ मार्च

नंदिनीचे पाय सुजले. पोरगी माहेरी आली तवापासून मी तिचे पायच पाहून राह्यली. आठवा चालू आहे. बाळंतपण गडचिरोलीलेच करा, म्हणे डॉक्टरीणबाई. मंधात सारं जंगल. मागच्या साली गावातल्या पत्रूच्या सुनेसाठी गाडी भेटता भेटता दुपार झाली — लेकरू रस्त्यातच गेलं. म्हणून गाडी पाहिजे. मिरवाले नाई.

२१ मार्च, शनिवार

बॅटरीवाली. हे म्हणे, नंदिनीलेच बसवू, धक्के लागतात का तिलेच इचारू. ती मागं, मी तिच्याजवळ.

चालू कवा झाली, समजलंच नाई. आवाजच नाई! टायराखाली पाला चुरचुरते, तेवढाच. चितळं रोडवर उभी, हटेनात. एक जण खांद्यावर काठी घेऊन चालला होता. गाडी त्याच्या अगदी जवळून गेली तरी त्यानं मान वळवली नाई. मले बरं नाई वाटलं. आपण नसतो तवा जंगल कसं असते, ते चोरून पाहून राह्यल्यासारखं.

मंग मोहाच्या झाडांकडून आवाज आला — हूऽऽ.

मोह वेचणाऱ्या बायका जंगलात एकमेकींले नावानं हाक मारत नाई. हूऽऽ करतात. जिनं ऐकलं तिनं बी हूऽऽ करायचं — मी आहो, भिऊ नको. लहानपणापासून तोंडाले सवय. काच खाली होती. मी ओ दिली.

परत आला. जरा जवळून. मी परत दिली.

स्पीडच्या काट्यावर साठ होते. अन् आवाज बाजूबाजूलेच! मागं पडलाच नाई.

अजय म्हणे, "काकू, कोनाले बोलावून राह्यल्या?"

नंदिनी पोटावर हात ठेवून झोपली होती.

२२ मार्च

शेजारच्या आशाबाईले इचारलं, काल रोडच्या अंगानं मोहाले कोण गेलतं?

"कोनी नाई वो. शिमग्यात वाघ दिसला तवापासून फॉरेस्टवाले तिकडं जाऊच देत नाई." मंग माझ्या तोंडाकडं पाहून, "काऊन? तू ओ देली काय?"

मी म्हटलं, नाई.

"देली असशीन तं त्या हाक मारनारीले वाटीन, तू संगं आहे. आता ते तुले सोडत नाई."

मूर्ख बाई! दिवसभर तेच डोक्यात. भाजीत मीठ दोनदा पडलं.

२४ मार्च

आमच्या घरात भूतखेत मानत नाई. कोणी लिंबू-मिरची बांधली तं माझा बाप काठी घेऊन उठे. म्हणून यायले खरं सांगताच येत नाई.

हे म्हणे बॅटरीवालीच. पोरीले धक्का नाई, घरीच चार्ज.

मी म्हटलं, लाइन जाते.

"जाते तशी येते बी."

डिक्की लहान आहे.

"तुले काय म्हैस नेची आहे?"

पांढऱ्या रंगावर धूळ दिसते.

"बायना, परवा तूच म्हने, काळी नको, धूळ दिसते!"

नंदिनी हसून हसून बेजार. "आई, तुले कारन सापडून नाई राह्यलं."

मी चिडली. डिझेलवाली अजून एक डाव पाहीन, तवाच काय ते.

२६ मार्च

गेलो. नंदिनी बी आली, घरी करमत नाई म्हणे. काच पुरी खाली केली. नुसती घर्रघर्र. दुसरं काहीच नाई. बरं वाटलं. गाणं म्हणावं वाटलं!

चहाच्या टपरीपाशी अजयनं गाडी बंद केली. हे अन् तो उतरले.

हूऽऽ.

जंगलाकडून नाई. गाडीतून. एवढ्या जवळून का मी पाय वर घेतले. तोंडावर हात दाबला, चुकून निघू नये म्हणून. नंदिनी पाणी पीत होती. "काय झालं आई?" काही नाई म्हटलं.

म्हणजे डिझेलवालीनं ते हटत नाई. ऐकू येत नाई, एवढंच. अन् माझ्यापायी ते माझ्या पोरीच्या मागं लागलं असन तं?

२७ मार्च

डिझेलवाली घेतली. निदान ऐकू येणार नाई, अन् चुकून ओ निघणार नाई. यायले म्हटलं, पोर माझी आहे, मी सांगीन त्याच गाडीत ती जाईन. यायनं अजयले फोन लावला.

६ एप्रिल

गाडी दारात आली. हार घातला, पेढे वाटले. आशाबाई म्हणे, बाई मोठी झाली आता!

दुपारी लाइन गेली. पंखा थांबला, टीव्ही थांबला. सारं घर चूप. तवा आला — नंदिनीच्या खोलीतून. धावत गेली. ती एकटीच, भिंतीकडं तोंड करून झोपलेली. मी दारातच खाली बसली. म्हटलं, मले ने, मी ओ दिली होती. तिले हात लावू नको.

तवापासून टीव्ही बंदच करत नाई. हे वैतागले.

१७ एप्रिल, गडचिरोली

सकाळी कळा आल्या. गाडी होती म्हणून वेळेवर पोचलो. मले आत उभं राहू दिलं. पोरगी झाली.

रडेचना. नर्सबाईनं पाठ चोळली, तळव्यांले टिचक्या मारल्या. नंदिनी माझ्याकडं पाहून राह्यली. मंग त्या एवढ्याशा तोंडातून —

हूऽऽ.

तोच आवाज.

"चला, रडली एकदाची," म्हणे नर्सबाई.

मी खाली वाकली. तिच्या कानाशी तोंड नेलं, अन् ओ दिली.