तिसरा रोग

सर,

अंबरनाथला तुमच्या कॉलनीतल्या बॅडमिंटन कोर्टावर आता गाड्या लागतात. परवा तिथून जाताना थांबले आणि वाटलं, तुम्हाला एकदा सगळं सांगून टाकावं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली.

तुमच्याकडे मी आले तीच संशय घेऊन. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी आयटीआयला होते, उल्हासनगर कॅम्प एकवरून सायकलने यायची. माझे वडील, आबा, तुमच्याच कारखान्यात मशीनवर आणि तुम्ही तिथले फोरमन. कंपनीने तुम्हाला आठ महिने जपानला पाठवलं, तिथून तुम्ही मशीनच्या कामाबरोबर केंडो शिकून आलात, बांबूच्या तलवारीची झुंज. रविवारी सकाळी जो येईल त्याला शिकवायचात. आबा म्हणाले, "साहेब लोक उगाच कुणाला काही शिकवत नाहीत. बघ, युनियनमध्ये काय चाललंय ते तुला विचारतील." तुम्ही कधीच विचारलं नाहीत. मला वाटायचं, वेळ बघताय.

जाळीचा मुखवटा तुम्ही तिकडून एकच आणला होता. दुसरा आपण आमच्या कॅम्पातल्या सिंधी गादीवाल्याकडून शिवून घेतला. तो हसला, "साईं, लड़की को मारोगे क्या?" तुम्ही म्हणालात, "नहीं, ये मुझे मारेगी." परत येताना सायकलवर माझ्या डोक्यात एकच, हे मला ऐकवायला म्हणाले का?

बाकीची मुलं मनगटावरचा, कुशीवरचा वार शिकायला लागली तरी मला वर्षभर एकच, डोक्यावरचा. "डावा हात मारतो, उजवा फक्त वाट दाखवतो. लागताक्षणी मनगटं आत वळव, ओला टॉवेल पिळतेस तशी. पाय, काठी, आवाज, तिन्ही एकदम." माझा आवाज नेहमी मागे राहायचा. मी मनात धरलं, कॉलनीतल्या मुलांना सगळं, वस्तीतल्या मुलीला एकच. एकदा तुमच्या स्वयंपाकघरात काकूंनी उकड वाढली होती, तिथेच तोंडावर विचारलं. तुम्ही ताटली बाजूला सारलीत. "त्यांना कंटाळा येतो म्हणून त्यांना नवीन देतो. तुझा हा एक खरा होईल, म्हणून तुला नवीन देत नाही." मग म्हणालात, "माझे गुरू चार रोग सांगायचे. दचकणं, भिणं, संशय, गोंधळ. तुला तिसरा जडलाय. तू समोरच्याला बघतच नाहीस, त्याच्या पोटात काय आहे ते शोधत बसतेस." मी उकड संपवली. पटलं नाही. गोड बोलून गप्प बसवायची साहेबी रीत, असंच वाटलं.

त्यातून तुम्ही वाट द्यायचात. शिकणाऱ्याला मारता यावं म्हणून काठीचं टोक हळूच बाजूला घ्यायचात. माझा वार लागला की मी विचारायची, "हा मी मारला की तुम्ही दिलात?" तुम्ही म्हणायचात, "लागला ना?" याचा मला भयंकर राग यायचा.

त्या रविवारी थंडी होती. तुम्ही समोर उभे आहात, टोकाला टोक भिडलंय. अचानक तुमचं टोक खाली जातं. मी झेपावते, आणि पाय, काठी, आवाज, तिन्ही एकदम येतात. तुम्ही कोर्टावर मटकन बसलात. मुलं धावली, रिक्षा आणली. हार्टचं होतं, डॉक्टर म्हणाले, झटका वार लागायच्या आधीच आला होता. दवाखान्यात मुलं मला बोलायला लागली तेव्हा तुम्ही पडल्या पडल्या म्हणालात, "तिला काय बोलता? जाळीतून नाही दिसत." आणि मला हळूच, "आज आवाज बरोबर आला." त्यानंतर तुम्ही काठी धरली नाहीत. पावसाळ्याआधी गेलात.

काकू आता बदलापूर गावात मुलीकडे असतात. मी अधूनमधून जाते. त्यांनाही मी तेच सांगत आले, जाळीतून दिसलं नाही. हे पत्र त्यांच्या हाती लागू नये म्हणून आजच फाडणार आहे.

तुमचा डावा हात काठी सोडून छातीवर गेलेला मला दिसला होता, सर. वाटलं, पुन्हा वाट देताय, या वेळी सोंग करून. म्हणून सगळा जोर लावला. जाळीतून स्वच्छ दिसतं. तुम्हाला ते ठाऊक होतं.