पांघरुणातला भात

साखरशेत,
सोमवार, दुपार

सौ. चंदनाताईस, धाकट्या जयवंतीचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींनी दाढ काढून घेतली की अजून लवंग धरूनच बसलेत? पोरांना आशीर्वाद आणि तुझ्या त्या मारक्या कोंबड्यालाही, मागच्या खेपेला माझ्या पोटरीला चोच मारली तरी. इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे बाकीचे खुशाल आहेत, मी जळते आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण पोशेऱ्यात रेंज पकडायला तुला टेकाड चढावं लागतं आणि गुडघा तसला. आणि आमच्या घरात काही बोललं की कुडापलीकडे ऐकू जातं, आणि कुडापलीकडे सासूबाई असतात. म्हणून अंगणवाडीतली पोरं झोपवून लिहायला बसले. (आमच्या सेविकाबाईंना वाटतंय मी हजेरी लिहिते. वाटू दे.) पत्र पंढरी जीपवाल्याच्या हाती देते, तो फोडून वाचणार नाही, वाचायचा त्याला पहिल्यापासून कंटाळा.

तर विषय वर्षालीचा. आमची धाकटी जाऊ, अर्जुनभावजींची बायको. तिचं माहेर तुझ्याच गावात, तुझ्या घरापासून हाकेवर, तेव्हा तुला ती ठाऊक आहेच. पण तुला ठाऊक आहे ती आश्रमशाळेत आपल्यासोबत पातळ आमटीत डाळ शोधणारी वर्षाली. आता ती कल्याणला राहते आणि दिवाळीला घरी येत नाही, ‘सुट्टीवर’ येते. सुट्टीवर आलेली माणसं आपल्या घरी उतरत नाहीत, जव्हारला लॉजवर उतरतात! का, तर म्हणे तिला दोन दिवस कुणाची भांडी न घासता घालवायचे होते. हे भावजींनी आमच्या ह्यांना सांगितलं, ह्यांनी हसत हसत मला सांगितलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला नाही का वाटत भांडी घासू नयेत? मी काय भांड्यांच्या राशीत जन्मले? बरं, लॉजवर राहून हॉटेलात जेवावं की नाही, तर तेही नाही. बाहेरचं तेलकट भावजींना सोसत नाही, म्हणून बाईसाहेब बॅगेत अख्खं स्वयंपाकघर घेऊन आल्या. विजेचा एवढासा कुकर, विजेची किटली, विजेची शेगडी. आपल्या पोरींच्या भातुकलीएवढं सगळं. आणि ह्या भातुकलीत खेळायला त्यांनी सासूबाईंनाही नेलं! ‘आईंना जरा आराम.’ आईंना. ज्यांना बसल्या जागी चहा मिळतो त्यांना. चहा करणारीला कुणी विचारलं नाही.

मी म्हटलं जाऊ दे. खरंच म्हटलं. आई नाहीत तर दोन दिवस जरा पाठ टेकीन असंही मनात आलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच आईंचा फोन. आवाज कसा, तर जत्रेत पाळण्यात बसल्यासारखा. म्हणाल्या, जयवंती, काय भात झालाय गं! शीत न् शीत मोकळं, ना धूर ना फुंकणी. यंदा नव्याचा भात वर्षालीच करील, ह्याच भांड्यात.

ताई, माझ्या हातातली फुंकणी खाली पडली. तुला वेगळं सांगायला नको, आपल्याकडे नवं झाल्याशिवाय, देवाला आणि पितरांना दाखवल्याशिवाय, नव्या तांदळाचं शीत कुणी तोंडात घालत नाही, आणि तो पहिला भात घरातली थोरली सून शिजवते. ह्या घरात आल्यापासून तो मान माझा. साडी मागितली नाही, मंगळसूत्राला वाटी मागितली नाही, पण नव्याचं मडकं माझं. आणि एवढ्या वर्षांत त्या बाईने एकदाही म्हटलेलं नाही की भात बरा झाला. जेवतात, पाणी मागतात, उठतात. मी म्हणायची, असतो एकेकाचा स्वभाव, ह्यांच्या तोंडात चांगला शब्दच नाही. होता गं! कोठारात ठेवला होता, वर्षालीसाठी!

मग मी काय केलं? चूल पेटवली. नागलीच्या भाकऱ्या केल्या, अशा पातळ की फुंकर मारली तर उडाव्यात. उडदाची आमटी केली, खुरासणीची चटणी वाटली, वर दोन लाल मिरच्या जास्त घातल्या (त्या रागाच्या). आमटी जर्मनच्या टोपातच ठेवली, झाकण फडक्याने करकचून बांधलं, सगळं पिशवीत घातलं, ह्यांना सांगितलं आईंचं गुडघ्याचं तेल घरी राहिलंय ते देऊन येते, आणि पंढरीच्या जीपमध्ये बसले. आईंनी माझी भाकरी खायची आणि त्या डबड्याचं नावही काढायचं नाही, एवढंच मनात होतं. आमटी रस्ताभर माझ्या मांडीवर हिंदकळत होती आणि शेजारची बाई विचारत होती, कुणी बाळंत झालं का. म्हटलं, नाही, सासू सुट्टीवर आहे.

लॉजच्या जिन्यातच मोठ्या अक्षरात पाटी, ‘खोलीत स्वयंपाक करण्यास सक्त मनाई आहे.’ ती वाचून मला जे बरं वाटलं ते मी तुलाच सांगू शकते. खोलीशी गेले तर दाराच्या फटीत आतून टॉवेल कोंबलेला, आणि तरी टॉवेलातून सुकटीचा वास! सुकट, ताई! सक्त मनाईत सुकट! मी दार जोरात वाजवलं, मुद्दाम, पोलिसासारखं. आत एकदम धावपळ. काहीतरी पडलं, पंखा वाढवला, खिडकी उघडली, कपाट लावलं. मग वर्षालीचा बारीक आवाज, कोण आहे, आमच्या आईंना बरं नाही.

बरं नाही म्हटल्यावर माझ्या अंगातलं सगळं पोलीसपण गेलं. मी म्हटलं, अगं मी जयवंती, उघड! दार उघडलं तर पलंगावर आई आडव्या, गळ्यापर्यंत रजई, डोळे मिटलेले, कण्हताहेत. आणि रजईतून वाफ येत होती. खोटं नाही सांगत, पोटावरच्या भागातून चांगली वाफ. मला वाटलं एवढा ताप! मी टोप जमिनीवर ठेवला आणि आई आई करत त्यांच्या पायाशी जाऊन रडायलाच लागले. (सकाळपासून ज्या बाईला मनात काय काय बोलले होते, तिच्यासाठी. मलाही नंतर नवल वाटलं.) तेव्हा रजईत ‘टक्’ असा आवाज झाला. आईंनी एक डोळा उघडला, मला बघितलं, आणि ताडकन उठून बसल्या. म्हणाल्या, मेले, तू होय! आम्हाला वाटलं मॅनेजर. भात झाला, ये जेवायला. आणि रजई बाजूला करून त्यांनी तो कुकर काढला, कुशीतलं पोर काढावं तसा. घरात मी दुधाची साय कुणी खाल्ली ह्यावर खोटं बोलले तर माझा उद्धार करणारी ही बाई!

आता मी रडून मोकळी झाले होते, त्यामुळे राग दुप्पट आला. वर्षाली माझ्यासाठी ताट मांडायला लागली. मी म्हटलं, नको, मी घरचं आणलंय, फक्त गरम करते. तिच्याच शेगडीवर माझा टोप ठेवला. शेगडी टूं टूं करून ओरडायला लागली. बटण दाबलं, पुन्हा टूं टूं. वर्षाली हळूच म्हणाली, वहिनी, तिला हे जर्मनचं, ॲल्युमिनियमचं चालत नाही, लोखंडी किंवा स्टील लागतं. भांड्याचीही जात बघते म्हणे ती शेगडी! माझी आमटी त्या काळ्या काचेवर गारच्या गार बसून राहिली आणि माझं तोंड मिरचीसारखं झालं. हार मानीन ती मी कसली! मी सरळ आमटी किटलीत ओतली. वर्षाली नको नको म्हणत होती, भावजी बाथरूममध्ये होते, आणि आई सुकटीचा वाडगा हातात घेऊन तमाशा बघत होत्या. किटलीचं बटण दाबलं. तिकडे दुसऱ्या भातासाठी कुकर पुन्हा लावलेला, शेगडी टूं टूं करतच होती, सगळं एकाच बोर्डावर. उडदाची आमटी किटलीतून उसळून बाहेर आली, बोर्डातून ठिणगी उडाली, आणि अख्ख्या मजल्याची लाइट गेली.

ह्यावेळी दार वाजवलं ते खऱ्या मॅनेजरने. आईंनी कुकरावर रजई टाकली आणि त्यावर स्वतः पडल्या. वर्षालीने किटली पदराखाली घेतली. शेगडी मी कशाखाली लपवली ते विचारू नको. मॅनेजर नाक वर करून आत आला आणि म्हणाला, इथे कोण शिजवतंय? ताई, मी थोरली. एक शब्द बोलले असते, नुसतं पलंगाकडे बघितलं असतं, तरी तो कुकर जप्त झाला असता आणि नव्याचं मडकं परत माझं. ओठापर्यंत आलं होतं. पण वर्षालीचा चेहरा असा झाला होता, आश्रमशाळेत ताटात दुसऱ्यांदा भात मागताना व्हायचा तसा. मी भाकऱ्यांचं फडकं उघडलं आणि म्हटलं, साहेब, शिजवतंय कोण, मी घरून डबा आणलाय, त्याचा वास. आणि पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, हो साहेब, ही माझी थोरली सून. हिच्या हातचं खाल्ल्याशिवाय माझा जीव भरत नाही, म्हणून एवढ्या लांबून आली पोरगी.

मॅनेजरने भाकरीचा तुकडा चटणीला लावून खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं (मिरच्या), आणि लाइट बघायला निघून गेला. मी मात्र तशीच शेगडीवर बसून राहिले. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते आलं, आणि आलं ते कुकर वाचवायला! खरं बोलल्या की खोटं, आता कोण सांगणार? विचारायची सोय नाही. दार लागताच त्या उठल्या, कुकरातला भात अर्धा कच्चा होता तोच सुकटीशी खाल्ला आणि पाणी मागितलं.

परत येताना आई माझ्यासोबत जीपमध्ये बसल्या, लॉजचा त्यांना कंटाळा आला म्हणे. घाटात एवढंच बोलल्या, विजेचं काही खरं नाही, नव्याचा भात तूच कर. तेव्हा ताई, मान माझ्याकडेच राहिला, येत्या गुरुवारी नवं आहे, आणि तू दाजींना घेऊन नक्की ये. चूल ती चूल. विजेच्या भाताला काय चव असते, पांढरा असतो इतकंच. वर्षालीबद्दल माझ्या मनात आता काही नाही, थोडं आहे ते हळूहळू जाईल.

तुझी,
जयवंती

ता. क. वर्षालीच्या आईकडे सहज म्हणून जा. तुमच्या पोशेऱ्यात नवं होऊन गेलंय, तिने लेकीला नवा तांदूळ धाडला असणारच, आणि पाण्याच्या मापाचं दोघींचं बोलणंही झालं असणार. तेव्हा तिच्याकडून काढून घे, विजेच्या कुकरात नव्या तांदळाला पाणी किती घालतात. माझं नाव काढू नको. दाजींसाठी विचारतेय म्हण.

ता. क. दुसरं. का विचारते ते सांगते. जीपमधून उतरून टोपाची पिशवी सोडली तर टोपाखाली तो कुकर. झाकणाला पोचा, आई पडल्या होत्या तिथला. वर्षालीने कधी घातला कळलं नाही. (मापाचा पेला मात्र नाही दिला. भांडं देईल, माप देणार नाही, अशी ती!) मी तो कणगीत लपवलाय. आई शेतावर गेल्या की लावते. ताई, बटण दाबून मी चक्क पाय पसरून बसते, आणि भात आपला आपला होतो. जुन्या तांदळाचं पाणी मला जमलंय, पण नवा तांदूळ नवं होण्याआधी शिजवून कसा बघू, पाप लागेल. आणि गुरुवारी मी तो कुकरातच लावून मग मडक्यात काढणार आहे. हे वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

ता. क. तिसरं. पत्र मिटवत होते तेवढ्यात आई अंगणवाडीच्या दारात आल्या, घराची किल्ली मागायला. जाता जाता म्हणाल्या, गुरुवारी सकाळची लाइट असते, तेव्हाच लावून घे. चुलीत मी नुसता धूर करीन, पाहुण्यांना धूर दिसला म्हणजे झालं. मी म्हटलं, कशाला लावून घेऊ? म्हणाल्या, कणगीतलं भांडं गं. भात थोरलीच्या हातचा झाला पाहिजे, भांडं कुठलं का असेना. मॅनेजरला खोटं सांगितलं होतं का मी?

पाण्याचं तेवढं पंढरीच्या परतीच्या खेपेला कळव.