धरणासाठीच जन्मलेली टेकडी

२ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. धरणाची उंची वाढवायची आहे. त्यासाठी जवळपासची कुठली माती आणि कुठला दगड चालेल, ते ठरवायचं काम अखेर माझ्याकडे आलं. या ऑफिसात माती कळणारा मी एकटा. बाकीच्यांना कुंडीतली ओळखता येणार नाही. महिनाअखेर समिती येणार. माझी जागा पसंत पडली की विभागप्रमुखाची खुर्ची माझी. हिला म्हटलं, प्रमुखाच्या क्वार्टरच्या खिडक्या मोजून ये, पडदे लागतील. म्हणाली, अंथरूण पाहून पाय पसरा.

५ फेब्रुवारी
नदीकाठची माती पाहिली. भुसभुशीत, फालतू. माझा ज्युनियर (मी मनात त्याला गोगलगाय म्हणतो) तीच पिशव्यांत भरत बसला. त्याच्या मते चांगली चिकणमाती लांब, डोंगरापलीकडे मिळेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी लांब जाणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय जीपला एसी नाही.

९ फेब्रुवारी, दुपार
सापडली. धरणापासून जीपने दहा मिनिटं. गवताने झाकलेली, लांबट, बुटकी टेकडी. माथा सपाट, उतार एकसारखा. निसर्गालाही कधीकधी अक्कल असते. वर चढलो नाही, गुडघा दुखतो. एक बाजू पाहिली म्हणजे दुसरीही पाहिली. शितावरून भाताची परीक्षा.

१३ फेब्रुवारी
टेकडीत खड्डा घेतला. चिकणमातीचे थरावर थर, सगळे एका जाडीचे. मध्येच स्वच्छ वाळूचा उभा पट्टा. गोगलगाय कुरकुरला की निसर्गात वाळू अशी उभी राहत नाही, एकदा धरणाचे जुने नकाशे काढून बघू. मी सुनावलं, नकाशे बघणारे टेबलावर म्हातारे होतात, माती बघणारे पुढे जातात. वाक्य झकास. रिपोर्टात घालावं का?

१७ फेब्रुवारी
लॅबचे रिझल्ट आले. पाणी जवळजवळ झिरपतच नाही. घट्टपणा पुस्तकातल्यापेक्षा सरस. लॅबवाला म्हणाला, ही तर धरणासाठीच केल्यासारखी आहे. अडाणी माणूस, पण बोलला खरं. मजूर सांगतात, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर दगड आहेत, हाताने रचल्यासारखे. म्हणजे दगडाचाही प्रश्न मिटला.

२१ फेब्रुवारी
खड्डा आणखी खोल नेला. तळाशी पाणी आलं. भूजल, दुसरं काय. गोगलगाईचा चेहरा पांढराफटक. काहींना दुधातही माशी शोधायची सवय असते. मी म्हटलं, बरंच झालं, कामाला पाणी लागेलच. रिपोर्ट पाठवला. सही माझ्या एकट्याची. त्याचं नाव मुद्दाम गाळलं.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ
समिती आली. टेकडीच्या पायथ्याशी मी बोललो, छान बोललो. अध्यक्षबाई माझं न ऐकता सरळ वर चढल्या. त्यांनी वरून बोलावलं, तेव्हा गुडघा विसरून गेलो. पलीकडे पाणी होतं. पुष्कळ. आपल्याच धरणाचं.

बाई म्हणाल्या, "अहो, ही टेकडी नव्हे. खिंडीतून पाणी निसटू नये म्हणून धरणाबरोबरच बांधलेला बांध आहे हा. धरण वाढवायला तुम्ही धरणच खणताय?"

कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं. बांधाखालच्या वस्तीला आज शाळेत हलवलंय. एक म्हातारी कोंबड्यांची टोपली डोक्यावर घेऊन माझ्या समोरून गेली. मला भीती वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही. पण मातीची माझी पारख अचूक निघाली, याकडे एकाचंही लक्ष गेलं नाही. या देशात कदर नाही.

६ मार्च
धरणाचं पाणी खड्ड्याच्या खाली उतरवलं, वस्ती परतली. प्रमुखाची खुर्ची गोगलगाईला मिळाली. मला माझाच खड्डा बुजवायचं काम. अट अशी की नवी माती जुनीइतकी घट्ट बसली पाहिजे. भरली, ठोकली, टेस्ट फेल. उकरून पुन्हा भरली. फेल. एवढ्याशा बांधाला जुन्या लोकांनी इतकं दाबून ठेवायची काय गरज होती?

दुपारी नवे प्रमुख आले. मी उभा राहिलो. साहेब म्हटलं. त्यांनी वाकून खड्ड्यात पाहिलं, मातीत बोट खुपसलं आणि म्हणाले, "पुन्हा उकरा."